टूके मधे आखाड्यातला पैलवान बनवायचाय, दरवेळी जिमवालाच तयार होतो

मासुंदाकाठचा

नमस्कार मंडळी. गेमिंगचा धागा आहे, आवड नसेल तर पुढे जा, शिव्या घालू नका.

आमचा वर्तकनगरचा एक कंपू आहे, शनिवारी रात्री कोणाच्या तरी हॉलमधे पीएस५ लागतो आणि डब्लूडब्लूई टूके२५ (टीव्हीवरच्या रेसलिंगचा गेम, थोडक्यात टूके) चालतो. आता असं ठरलंय की रोमन रेन्स, कोडी ऱ्होड्स वगैरे तयार माल कोणी घ्यायचा नाही, प्रत्येकाने क्रिएशन सूटमधे (गेममधली गडी बनवायची सोय) स्वतः घडवलेलाच गडी उतरवायचा. एकाने खाकी शर्टातला रिक्षावाला केलाय, त्याच्या फिनिशरचं (मॅच संपवायचा ठेवणीतला डाव) नाव मीटर डाऊन. दुसऱ्याने सोसायटीचे सेक्रेटरी बनवलेत, अगदी हुबेहूब, फक्त काकांना अजून पत्ता नाही. मला लाल मातीतला पैलवान हवाय. लंगोट, अनवाणी पाय, अंगाला माती, आणि नुसता चालत आला तरी समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं.

होतं काय की चेहरा, मिशी, रंग सगळं जमतं, एडिटरमधे उभा असतो तोवर छानच दिसतो, पण मॅच सुरू झाली की जिममधला सेल्फीवाला पोरगा लंगोट लावून आलाय असं वाटतं. स्लायडर ओढून ओढून अंगठा दुखायला लागला. ज्यांनी कॅरेक्टरं बनवलीत त्यांनी सांगा, मुळात सुरुवात कुठून करायची? चेहरा, बॉडी की मूव्ह्ज?

पीएसटूवाला

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

तिरकस

खोट्या कुस्तीत खोटा पैलवान. चालू द्या.

पीएसटूवाला

आलो. तिरकस, तुमच्याकडे नंतर बघतो.

आमचं सगळं शिक्षण २००३ च्या हिअर कम्स द पेन वर झालं, पीएस२ वर. नौपाड्यात एका गल्लीत तासावर खेळायला मिळायचं. मेमरी कार्ड ८ एमबीचं, ते खिशात घालूनच जायचो, कारण पार्लरच्या कार्डात आपला गडी सेव्ह केला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला गुलाबी चड्डी घालून आणि नाव बदलून ठेवलेला असायचा. त्या गेममधे फोटो टाकायची सोय नव्हती, नाक डोळे हनुवटी यादीतून निवडायचे आणि ओढायचे, त्यामुळे कोणाचाच चेहरा कोणासारखा व्हायचा नाही. तरी गडी पडद्यावर आला की लगेच कळायचं हा कोणाचा. कशावरून? एंट्रीला कसा चालतो, मार कसा खातो, पहिला डाव कुठला टाकतो यावरून. आमच्यात एक जण प्रत्येक गड्याला तोच एक सुप्लेक्स (उचलून मागे आपटायचा डाव) द्यायचा, त्याचे सगळे गडी एका आईची लेकरं.

त्याच्याही आधीचा २००० सालचा नो मर्सी, निंटेंडो ६४ चा, तो मी नंतर कॉम्प्युटरवर एम्युलेटरने (जुन्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) खेळलो. चेहरे बघितलेत तर हसाल, पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखे. पण एका गड्याला चार पोशाख आणि पोशाखागणिक नावसुद्धा वेगळं ठेवता यायचं, आणि डाव एवढे की अजूनही लोक त्यावर जुन्या काळचे कुस्तीगीर बनवत बसलेत. (त्याच्या सुरुवातीच्या काही कार्ट्रिजमधे बग होता, सेव्ह आपोआप पुसला जायचा, पोरांचे महिनाभर घडवलेले गडी एका झटक्यात गायब. विचार करा.)

तर माझं मत, चेहरा सगळ्यात शेवटी. आधी मूव्हसेट (गड्याच्या डावांची यादी), मग चाल, मग कपडे.

कोपरखैरणेकर

मूव्हसेट नंतर हो दादा, आधी त्या गड्याला जेवू घाला.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, आजोबा माथाडी म्हणून मुंबईत आले, मार्केट वाशीला हललं तसे आम्हीपण इकडे. आमच्या सेक्टरमधे निम्मी घरं अशीच, आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस तालमीत जाऊन आलेला, त्यामुळे पैलवान कसा दिसतो हे आम्हाला लहानपणापासून जिन्यात रोज दिसायचं. पैलवानाला सिक्स पॅक नसतात. मासुंदाकाठचा, तुमचा गडी जिमवाला दिसतो कारण तुम्ही गेमच्या डीफॉल्ट बॉडीवरून सुरू केलंय, ती बॉडी टीव्हीवरच्या हीरोची आहे, कंबर बारीक आणि खांदे चौकोनी.

हे असं करून बघा. बेस बॉडी जाडी निवडा. पोटावरच्या रेघा जेवढ्या घालवता येतील तेवढ्या घालवा. कंबर रुंद करा, छाती आणि पोट एका रेषेत आलं तरी चालेल. मान जाड, एवढी की कानाखालून थेट खांद्याला उतरली पाहिजे, मधे खाच दिसता कामा नये. खांदे थोडे खाली आणि पुढे झुकलेले, जोर मारून तसेच होतात. मांड्या भरपूर वाढवा, बैठकांनी जे होतं ते. दंड मात्र फार फुगवू नका, डंबेल्सचा दंड वेगळा दिसतो. आणि त्वचेला तो तेलकट चमकदारपणा असतो ना गेममधे, तो कमीत कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कान. जुना पैलवान कानावरून ओळखतात, लढतीत रगडून रगडून कान सुजतो आणि मग तसाच घट्ट होऊन जातो. गेममधे मोडका कान असा काही तयार मिळत नाही पण कानाचे स्लायडर आहेत, कान छोटा करा, जाडी वाढवा, डोक्याला चिकटवा. केस बारीक ठेवा म्हणजे कान झाकले जाणार नाहीत. एवढं एक केलंत तरी निम्मं काम होईल.

मासुंदाकाठचा

कानाचं डोक्यातच आलं नव्हतं! आज रात्री बसतो.

तिरकस

पण ते सगळं करून शेवटी तो ज्या रिंगमधे जाणार तिथे निकाल आधीच ठरलेला, मग मोडक्या कानाचा उपयोग काय म्हणतो मी.

पीएसटूवाला

निकाल टीव्हीवर ठरलेला असतो तिरकसराव, गेममधे नाही, तिथे बटण चुकलं की आपण आपटतो.

आणि हे खोटं-खरं आपल्याकडे एवढं वेगळं कधी नव्हतं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधे दारासिंग आणि किंगकाँगच्या लढती व्हायच्या तेव्हा तुमच्या-माझ्या आजोबांनीच तिकिटं काढली होती. त्याच दारासिंगना डब्लूडब्लूईने २०१८ ला हॉल ऑफ फेममधे घेतलं. आणि २००७ ला खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, निकाल ठरलेला होता हे माहीत असून.

तिरकस

बरं. खली गेममधे बरा वाटायचा एवढं मान्य, स्मॅकडाऊन व्हर्सेस रॉ २००८ मधे मीच घ्यायचो तो. नाही म्हणजे, भाच्याकडे होता.

मासुंदाकाठचा

भाच्याकडे! हसून हसून पुरेवाट.

नेरूळची_मुग्धा

चेहरा शेवटी म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, पण फोटो लावायची पद्धत बहुतेक जण चुकवतात त्यामुळे चेहरा बदनाम होतो. मी टूके२२ पासून करतेय, सांगते.

फोटो टूकेच्या वेबसाइटवरून अपलोड करायचा, मग गेममधे उतरवायचा. गेम काय करतो तर तो फोटो आधीच तयार असलेल्या डोक्यावर ताणून बसवतो. म्हणजे फोटोत उजव्या गालावर खिडकीचा उजेड असेल तर तो उजेड कायमचा गालावर छापला जातो, मग ॲरिनातला दिवा डावीकडून आला तरी उजवा गाल चमकतो, आणि माणूस मेणाचा दिसतो. त्यामुळे फोटो ढगाळ दिवशी बाल्कनीत, समोरून, तोंड मिटून, चष्मा काढून, कपाळावरचे केस मागे करून. फ्लॅश नको, घरातली ट्यूबलाइट तर नकोच. आणि तुमच्या ग्रुपमधले लोक इन्स्टाचे फिल्टर लावलेले फोटो टाकतात ते बंद करा, त्वचा एकदम गुळगुळीत होते आणि वय निघून जातं.

दुसरं, आधी डोळे नाक ओठ यांच्या खुणा नीट जुळवा आणि मगच स्लायडरला हात लावा. फोटोतलं नाक आणि खालच्या डोक्याचं नाक वेगवेगळ्या जागी असेल तर समोरून ठीक दिसतं पण बाजूने बघितलं की नाकपुडी गालावर. एडिटरमधे गडी फिरवून बाजूने बघायची सवय लावा, मॅचमधे समोरून कितीसा दिसतो!

तिसरं, अंगाचा रंग फोटोच्या कडेशी जुळवायचा, चेहऱ्याच्या मधल्या भागाशी नाही. जबड्याखाली जी रेघ दिसते ना, ती त्यानेच जाते.

मासुंदाकाठचा

मुग्धाताई, पण पैलवानाचा फोटो आणायचा कुठून? मला कोणा खऱ्या माणसाचा चेहरा नकोय, कोणाचा तरी उचलला आणि मग अपलोड केला तर बरं दिसत नाही.

नेरूळची_मुग्धा

मग फोटो वापरूच नका, स्लायडरनेच करा, पैलवानाला तेच शोभेल. ओळखीच्याचा घ्यायचा तर विचारून घ्या आणि ऑनलाइन टाकू नका, घरच्या घरी खेळा. तुमच्या त्या सेक्रेटरी काकांचंही तेच म्हणते मी.

मासुंदाकाठचा

कळवतो त्याला.

फायरप्रोभक्त_ऐरोली

मंडळी मी जरा वेगळाच सूर लावतो. सगळे बॉडी आणि चेहऱ्यावर चाललेत, मी म्हणतो माणूस कसा वागतो ते ठरवता येत नसेल तर ते कॅरेक्टर नाहीच, तो पुतळा.

फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड कोणी खेळलंय का? २०१७ ला स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आला, नंतर पीएस४ वर. दिसायला एकदम जुना, सपाट बाहुल्या, ३डी वगैरे काही नाही, बघून मुलं पळून जातात. पण त्यात लॉजिक नावाचं प्रकरण आहे. गडी कॉम्प्युटरच्या हातात असेल तेव्हा काय करेल हे तुम्ही टक्क्यांमधे लिहून द्यायचं. समोरचा ताजा असताना कुठले डाव किती टक्के, अर्धा दमल्यावर कुठले, पार थकल्यावर कुठले, प्रत्येक वेळी बेरीज १०० झाली पाहिजे. कोपऱ्यात काय, दोरीवरून परत आल्यावर काय, रिंगबाहेर जातो का, हत्यार उचलतो का. वर अजून शिस्तीत लढतो की कसा, लोकांसमोर मिरवतो किती, जोडीदाराला साथ देतो का, असले आकडेही असतात.

मी त्यात एक पैलवान केलाय. समोरचा ताजा असेल तर जवळजवळ सगळे टक्के पकडापकडीला आणि पटाला (पाय धरून पाडायला), मुक्का शून्य. अर्धा दमला की आपटायचे डाव. शेवटच्या टप्प्यात एकच डाव चढा ठेवलाय, बाकीचे नावाला. रिंगबाहेर जायचं प्रमाण शून्य, मिरवणं अगदी थोडं, जिंकल्यावर. मग खेळायचं नाही, दोन्हीकडे कॉम्प्युटर ठेवून नुसतं बघत बसायचं. त्याला समोर कोणी लाथा मारणारा दिला की तो सुरुवातीला चिक्कार मार खातो, गप्प असतो, आणि एकदा पाय हातात सापडला की मग सोडत नाही. तेव्हा वाटतं हो, हा आपला माणूस. आणि चेहरा म्हणाल तर त्याला जेमतेम दोन ठिपके डोळे आहेत.

पीएसटूवाला

हे भारी आहे, पण ते बघत बसायचं झालं. त्यांच्याकडे शनिवारी चार पोरं कंट्रोलर हातात घेऊन बसतात, तिथे कॉम्प्युटरला कोण विचारतो, वागणूक खेळणाऱ्याच्या हातात.

फायरप्रोभक्त_ऐरोली

मग खेळणाऱ्यालाच लॉजिक लावा. नियम ठरवा, पैलवान घेतलास तर खुर्ची उचलायची नाही, रिंगबाहेर जायचं नाही, मुक्का नाही. तो नियम पाळून जिंकलास तर पैलवान जिंकला, नाहीतर मीटर डाऊनवाला आणि तू सारखेच.

कोपरखैरणेकर

हे एकदम पटलं. मुक्क्याचं सांगतो, टूके मधे स्ट्राइकच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, रिकामं सोडता येत नाही, म्हणून तिथे उघड्या हाताच्या चापट्या, ढकलणं, कोपराचा धक्का असले प्रकार भरा. उड्यांचे डाव तर बघूच नका, टॉप रोपवरून उडी मारणारा पैलवान मी तरी पाहिला नाही.

आता डावांची यादी सांगतो, नावं गेममधली वेगळी असतात, व्हिडिओ बघून निवडायचं.

एकेरी पट आणि दुहेरी पट सोपं, सिंगल लेग आणि डबल लेग टेकडाऊन आहेतच. कलाजंगला फायरमन्स कॅरी घ्या, हात मांडीतून घालून खांद्यावर भरायचं आणि पलीकडे टाकायचं, पण त्यातला जो लगेच टाकतो तोच निवडा, खांद्यावर घेऊन गोल फिरत लोकांना दाखवत बसतो तो नको. धोबीपछाडीला असा आर्म थ्रो शोधा ज्यात गडी पाठ फिरवून समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून पुढे आपटतो, ज्युडोवाल्यांकडे असतो तसा. ढाकेला मानेला विळखा घालून कमरेवरून फिरवणारा हिप टॉस चालतो. घिस्सा मात्र विसरा, समोरचा खाली चार पायांवर धरून बसलाय आणि आपण वरून त्याला पालथ्याचा उताणा करण्यासाठी राबतोय, हा जो कुस्तीचा निम्मा खेळ, तो या गेममधे नाही, इथे माणूस एकतर उभा नाहीतर पूर्ण झोपलेला.

सगळं एकेक भरायचा कंटाळा आला तर डब्लूडब्लूईतल्या चॅड गेबलचा मूव्हसेट बेस म्हणून उचला. तो खरा कुस्तीगीर, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ग्रीको-रोमनमधे उतरला होता, त्याच्या डावात जमिनीवरचा वास आहे. मग त्यातले नको ते काढा.

फिनिशर धोबीपछाडच ठेवा. पडताना लोकांना कळला पाहिजे.

मासुंदाकाठचा

काका तुम्ही स्वतः खेळता का गेम? एवढं बारीक माहितीये.

कोपरखैरणेकर

काका नका म्हणू, ३४ चा आहे. खेळतो की, बायको झोपली की.

नेरूळची_मुग्धा

बरं आता माझं दुखणं. सगळा धागा वाचला, पैलवान म्हणजे गडीच असं सगळ्यांनी धरलंय.

टूके१५ आणि १६ आठवतात का, त्यात बाई बनवायची सोयच काढून टाकली होती, टूके१७ ला परत आणली. तेव्हा मी चिडून मधले दोन घेतलेच नाहीत. आता सोय आहे, टूके२५ मधे तर बाप्यांविरुद्धही मॅच लावता येते. पण बायकांचे कपडे निवडायला गेलं की चमकी, जाळी, उंच बूट. मला साधी कुस्तीची पोरगी हवी होती. शेवटी सिंगलेटसारखा (मॅटवरच्या कुस्तीचा पोशाख) एकसंध पोशाख घेऊन त्यावरचे सगळे पट्टे बंद केले, रंग निळा, गुडघ्याला पट्ट्या, केस घट्ट बांधलेले. आणि बॉडीचं कोपरखैरणेकर म्हणतात तेच इथे दुप्पट लागू, डीफॉल्ट पोरगी मॉडेल असते, खांदे आणि मांड्या वाढवल्या तेव्हा कुठे कुस्तीची वाटली.

आपली कविता देवी २०१७ च्या मे यंग क्लासिकमधे (डब्लूडब्लूईची बायकांची स्पर्धा) सलवार कमीज घालून लढली होती, तो पोशाख मी केला होता, सैल पँट आणि वर लांब टॉप, ओढणीच्या जागी कमरेला बांधायचं कापड. जमतो.

आणि माझ्या पोरीला मी कल्याणची ठेवलंय. २०२३ ला सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, फायनलला तिच्यासमोर आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील होती. ती कुस्ती बघितल्यावर मला रिक्षावाले आणि सेक्रेटरी बनवण्यात मजाच वाटेना.

मासुंदाकाठचा

ताई तुमची पोरगी आमच्या शनिवारात पाठवा, माझा पैलवान तिच्याशी लढेल.

नेरूळची_मुग्धा

आधी त्याचे ॲब्ज काढा, मग बघू.

चिवडा_आणि_कंट्रोलर

मूक वाचक आहे, एक शंका. अंगावर माती कशी लावायची? मी टॅटू शोधले पण डाग वगैरे आहेत ते रक्तासारखे दिसतात.

नेरूळची_मुग्धा

लोगो म्हणून स्वतःचं चित्र चढवा. मोबाइलवर कुठल्याही ड्रॉइंग ॲपमधे विटकरी रंगाचे फटके मारा, मागची बाजू पारदर्शक ठेवा, आणि फटकेही अर्धे पारदर्शक, म्हणजे खालची त्वचा दिसते. पीएनजीमधे सेव्ह करायचं, जेपीजी केलंत तर मागे पांढरा चौकोन येतो. मग ते छाती, पाठ, दंड, मांडी अशा ठिकाणी टाका, प्रत्येक वेळी थोडं फिरवून आणि लहानमोठं करून, एकाच मापाचं सगळीकडे लावलं तर भिंतीवरच्या छापासारखं दिसतं. पाठीवर सगळ्यात जास्त, कारण पाठीवर पडतो माणूस.

कोपरखैरणेकर

चांगल्या पैलवानाच्या पाठीला माती लागत नसते ताई :) समोरच्याच्या पाठीला लागते.

नेरूळची_मुग्धा

हे मात्र खरं. छाती आणि गुडघे करा मग.

पीएसटूवाला

लंगोटाचं काय केलं कोणी? माझ्या मते सगळ्यात छोटी ट्रंक्स लाल रंगात, सगळे लोगो काढून, बाकी काही नको. गुडघ्यापर्यंतचा जांघिया हवा असेल तर तंग शॉर्ट्स.

मासुंदाकाठचा

ट्रंक्सच केलीये. पायाला बेअरफूट आहे ते चांगलंय. आखाडा कसा करायचा, त्यावर कोणी काही केलंय का? क्रिएट-ॲन-ॲरिनामधे मॅटचा रंग तांबडा केला पण दोऱ्या आणि खांब खटकतात.

फायरप्रोभक्त_ऐरोली

टूके२५ मधे अंडरग्राउंड मॅच आहे ना, तिथल्या रिंगला दोऱ्याच नसतात आणि लोक चारी बाजूंनी जवळ उभे. जत्रेतल्या फडाच्या सगळ्यात जवळ तेच जातं. रंग मनासारखा मिळणार नाही पण दोरी नाही हेच खूप.

पीएसटूवाला

आणि बक्षिसाला पट्टा नको वाटतो मला, चांदीची गदा पाहिजे, महाराष्ट्र केसरीला देतात तशी, १९६१ पासून चालत आलेली स्पर्धा आहे ती, तिथे पट्टा कोण घालतं. पण गेममधे चॅम्पियनशिप म्हणजे पट्टाच. मी पट्टा साधा काळा ठेवून मधल्या पत्र्यावर गदेचा लोगो टाकला होता, मुग्धाताईंच्याच पद्धतीने. सोन्याऐवजी चांदी रंग.

चिवडा_आणि_कंट्रोलर

एंट्रीला म्युझिक? मला हलगी पाहिजे.

पीएसटूवाला

पीएस३ च्या जमान्यातल्या गेममधे आपलं गाणं टाकता यायचं, आता कन्सोलवर यादीतलंच घ्यावं लागतं. पीसीवाले मॉड (गेममधे बाहेरून घातलेले बदल) टाकून करतात. आमचा उपाय जुगाडू आहे, गेममधलं एंट्रीचं म्युझिक सेटिंगमधे जाऊन शून्य करायचं आणि मोबाइलवर हलगी लावून ब्लूटूथ स्पीकर टीव्हीखाली ठेवायचा. शेजारी विचारतात वरात कोणाची.

एंट्री निवडताना मात्र फटाके, लेझर, धूर सगळं बंद. हळू चालणारा, कोणाकडे न बघणारा वॉक घ्या. शड्डू गेममधे नाही, टाँटमधे (समोरच्याला डिवचायचे हावभाव) छाती ठोकणारा एखादा घ्या त्यातल्या त्यात.

तिरकस

एक गंभीर प्रश्न विचारतो. हे सगळं करून ठेवलं आणि पुढच्या वर्षी नवीन गेम आला तर हा पैलवान त्यात जातो का?

नेरूळची_मुग्धा

तुम्ही पण बनवताय की काय?

सहसा नाही, परत पहिल्यापासून. म्हणून मी सगळ्या स्लायडरच्या आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवते, एक फोल्डरच आहे. चित्रं मात्र वेगळी जपून ठेवा, ती परत चढवता येतात. आणि कम्युनिटी क्रिएशन्समधून (लोकांनी बनवून अपलोड केलेलं जिथे मिळतं) कोणाचं काही आवडलं तर लगेच उतरवून घ्या, जुन्या गेमचे सर्व्हर काही वर्षांनी बंद होतात, मग आधी उतरवलेलं तेवढं आपल्याकडे राहतं, नवीन काही मिळत नाही.

फायरप्रोभक्त_ऐरोली

टूके२० आठवतोय का, १ जानेवारी २०२० उजाडला आणि जगभर गेमच सुरू होईना. लोकांनी कन्सोलची तारीख मागे २०१९ वर नेली तेव्हा चालला. नंतर दुरुस्त केला म्हणा. पण तेव्हापासून मी आकडे वहीत लिहितो.

तिरकस

वहीत? बरं. मी फक्त कुतूहल म्हणून विचारत होतो.

मासुंदाकाठचा

अपडेट. कोपरखैरणेकरांच्या रेसिपीने बॉडी केली, मान जाड, पोट आलं, कान छोटे. एकदम वेगळाच माणूस झाला. उंची मी ६ फुटांवरून खाली आणली, तेव्हा तर अजून भारी वाटायला लागला, खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले ते बँटमवेटमधे, म्हणजे हलक्या वजनगटात, म्हटलं आपणच का सगळे दैत्य बनवतो. अपलोड करतोय, टॅग काय ठेवू म्हणजे तुम्हाला सापडेल?

कोपरखैरणेकर

तालीम ठेवा. ठाणे ठेवलं तर काहीही निघेल.

खाशाबांचं बरं काढलंत. गोळेश्वर आमच्या बाजूचंच, कराडजवळ. लहान चणीचा गडी मोठ्याला पाडतो तेव्हा बघायला खरी मजा. फक्त मग ताकदीचे आकडे कमी आणि चपळाई जास्त द्या, नाहीतर सगळेच ९५ ठेवून लोक वाट लावतात, ओव्हरऑल (एकूण गुण) बघून समोरचा आधीच कंटाळतो.

पीएसटूवाला

+१. कुठलातरी एक आकडा मुद्दाम पाडा. माझ्या सगळ्या गड्यांचा दम कमी असतो, शेवटी शेवटी धापा टाकतात, मॅच रंगते.

मासुंदाकाठचा

दम नाही पाडणार, पैलवान आहे. हवेतले डाव झेलायचं पाडतो, उड्या मारणाऱ्यांसमोर त्याचे वांधे होऊ देत.

अजून एक, पंचाचं काही करता येतं का? तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातला रेफरी पैलवानाशेजारी अगदीच कसातरी दिसतो.

नेरूळची_मुग्धा

येतं की. टूके२४ पासून स्पेशल गेस्ट रेफरी मॅच आहे, त्यात रेफरी म्हणून कोणालाही घेता येतं, स्वतः बनवलेलाही. एक म्हातारा वस्ताद करा, पांढरा सदरा, पांढरा फेटा, खाली सैल पांढरी पँट, लांबून धोतर वाटतं. फेटा सापडला नाही तर डोक्याला गुंडाळायची जी कापडं आहेत त्यातलं सगळ्यात जाड घ्या. फक्त लक्षात ठेवा, त्या मॅचमधे रेफरीसुद्धा एखाद्या खेळाडूच्या हातात देता येतो, तो पक्षपात करू शकतो.

तिरकस

म्हणजे मोजायला उशीर वगैरे?

नेरूळची_मुग्धा

मोजायला उशीर, भराभर मोजणं, सगळं.

तिरकस

मासुंदाकाठचा, शनिवारी वर्तकनगरला किती वाजता असता तुम्ही लोक? वस्ताद मी होतो.